वाचकांचे प्रश्न: छोट्या इंजिनाचं काम शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

मागच्या अंकात ग्रास कटर आणि पॉवर विडरच्या देखभालीवर चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर पत्रं आली ती जवळपास सगळी एकच विचारणारी, की हे काम शिकायचं कुठं. मला खरंच बरं वाटलं, कारण कोकणात आज घरटी एक तरी छोटं इंजिन आहे, दुचाकी, फवारणीचा एचटीपी पंप, ग्रास कटर, जनरेटर, काही ना काही, आणि ते नीट समजून दुरुस्त करणारा माणूस मात्र पाच-दहा गावांत मिळून एखादा. पाच पत्रं निवडलीत.

प्रश्न: मी बारावी कॉमर्स झालोय, मन लागत नाही, गाड्यांची आवड आहे. घरचे म्हणतात डिग्री पूर्ण कर. आयटीआय करू की सरळ गॅरेजला लागू? आणि किती दिवसांत शिकून होईल? (दोडामार्ग)

दोन्ही कर, आणि याच क्रमाने कर असं मी सांगेन. दहावी पास असलास की सरकारी आयटीआयला अर्ज करता येतो. मेकॅनिक डिझेल हा ट्रेड एक वर्षाचा आहे आणि मोटर मेकॅनिकचा, म्हणजे मेकॅनिक मोटर व्हेइकल, दोन वर्षांचा. लवकर कामाला लागायचं असेल तर डिझेल घे, दुचाकी-चारचाकीत राहायचं असेल तर दोन वर्षांचा घे. त्यानंतर अप्रेंटिसशिप सोडू नकोस. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली कंपनीत किंवा डीलरच्या वर्कशॉपमध्ये शिकता येतं, वर स्टायपेंडही मिळतो, आणि मशीन कसं उघडतात यापेक्षा जॉबकार्ड कसं भरतात, टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानेच बोल्ट आवळायचा पाना, का वापरतात, पार्ट नंबर कसा शोधतात हे तिथं कळतं जे गल्लीतल्या गॅरेजात सहसा कळत नाही.

पण गॅरेजात जे कळतं ते आयटीआयमध्ये कळत नाही, हेही तितकंच खरं. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या वस्तादांनी पहिले तीन महिने मला पाना हातात दिला नाही. काम एकच, सुटलेले पार्ट रॉकेलमध्ये धुवायचे आणि गोणपाटावर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडायचे, डावीकडून उजवीकडे, बोल्ट ज्या भोकातला त्याच भोकाच्या शेजारी. तेव्हा राग यायचा. पण सहा महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की हेड उघडल्यावर कुठला बोल्ट लांब आणि कुठला आखूड हे मला बघावं लागत नाही, हाताला ठाऊक झालंय. दुसरी गोष्ट म्हणजे गिऱ्हाईक मशीन घेऊन आलं की वस्ताद आधी विचारायचे, "काय झालंय ते सांग, मग खोल." सांगता आलं नाही तर खोलायचं नाही. आजही माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मशीनचं दुखणं आधी कोणीतरी उगाच खोलल्यामुळे वाढलेलं असतं, स्क्रूचे आटे गेलेले, गॅस्केट फाटलेलं, एखादी स्प्रिंग गायब.

सुरू न होणाऱ्या पेट्रोल इंजिनाला तीन प्रश्न विचारायचे, पेट्रोल येतंय का, ठिणगी पडतेय का, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, आहे का. प्लग काढून बघ. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाहीये, ओला असेल तर पेट्रोल येतंय पण पेटत नाहीये. तोंड काळंकुट्ट काजळीचं असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर चोंदलाय, पांढरं फटक असेल तर हवा जास्त, म्हणजे इंजिन तापतंय, आणि फिकट तपकिरी असेल तर तब्येत बरी आहे. कॉम्प्रेशन तर दोरी ओढतानाच कळतं, हाताला अडकल्यासारखं लागलं पाहिजे, रिकाम्या विहिरीतून बादली ओढल्यासारखी दोरी आली तर रिंगा नाहीतर वॉल्व.

किती दिवस म्हणशील तर शिकणं-सराव धरून तीन वर्षं धर. सर्व्हिसिंग सहा महिन्यांत यायला लागतं, पण मिसिंग करणारी, म्हणजे मध्येच अडखळत चालणारी गाडी घेऊन आलेल्या माणसाला खात्रीने उत्तर द्यायला वेळ लागतो. कॉमर्सचं शिक्षण वाया जाईल असं मनात आणू नकोस, डिग्री बाहेरून पूर्ण करता येते आणि हिशेब येणारा मेकॅनिक उधारीत बुडत नाही.

प्रश्न: आमच्या बचत गटाने अनुदानातून ग्रास कटर घेतला. सुरू होतो, पाच-सात मिनिटं चालतो आणि बंद पडतो, थोडा वेळ ठेवला की परत सुरू. मेकॅनिक तीस किलोमीटरवर. आम्हा बायकांना हे काम शिकता येईल का? (लांजा)

ताई, तुम्ही मशीनचं जे वर्णन केलंत तेच अर्धं निदान आहे, इतकं नेमकं माझे जुने गिऱ्हाईकही सांगत नाहीत. तेव्हा शिकता येईल का हा प्रश्न मनातून काढून टाका.

आधी फुकटचा उपाय. मशीन बंद पडायला लागलं की टाकीचं झाकण जरा सैल करा. सैल केल्यावर चालत राहिलं तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय, पेट्रोल खाली जातं तसं टाकीत हवा शिरली पाहिजे, ती शिरत नाही म्हणून पेट्रोल ओढणं थांबतं आणि थोड्या वेळाने हवा आत झिरपली की परत सुरू. भोक साफ करा, काम झालं. तसं नसेल तर टाकीच्या आत नळीच्या टोकाला छोटा फिल्टर असतो, तारेच्या हुकाने बाहेर काढा, काळा-चिकट असेल तर बदला. तरीही नाही तर सायलेन्सरच्या तोंडाची बारीक जाळी कार्बनने बंद झालीय का बघा. झाकण सैल करून बघणं सोडलं तर ही सगळी कामं मशीन थंड असताना आणि प्लगची कॅप काढून करायची, ब्लेडजवळ हात असताना इंजिन चुकूनही फिरता कामा नये. एवढं करूनही गरम झाल्यावरच बंद पडत असेल आणि त्या क्षणी ठिणगी नसेल तर ठिणगी देणारी कॉइल गेलीय, ते मेकॅनिककडे न्या.

आणि एक विचारतो, पेट्रोलमध्ये ऑइल किती घालता? टू स्ट्रोक मशीनला वेगळं ऑइल चेंबर नसतं, पेट्रोलमधलं ऑइलच पिस्टनला वाचवतं. पुस्तकात ५०:१ लिहिलं असेल तर एक लिटरला २० मिली, २५:१ असेल तर ४० मिली, आणि ते टू-टी ऑइलच, गाडीचं इंजिन ऑइल नाही. बाजारात फोर स्ट्रोक ग्रास कटरही आहेत, त्यांच्या पेट्रोलमध्ये ऑइल घालायचं नाही, त्यांचं ऑइल वेगळं भरतात. गेल्या दसऱ्यानंतर एक शेतकरी काजूच्या बागेत वापरलेला नवाकोरा टू स्ट्रोक कटर घेऊन आला, विकणाऱ्याने ऑइलचं सांगितलंच नव्हतं. सायलेन्सर काढून आत टॉर्च मारला तर पिस्टनवर उभे ओरखडे, बोटाने लागतील असे. अख्खा सिलिंडर-पिस्टन बदलावा लागला आणि त्या माणसाचा हंगाम गेला. मला त्याचं अजून वाईट वाटतं, पाच मिनिटं कोणी समजावलं असतं तर टळलं असतं.

शिकण्यासाठी तुमच्या जिल्ह्याच्या आरसेटीत विचारा. ही बँका चालवतात ती ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, राहणं-जेवण-प्रशिक्षण मोफत असतं आणि दुचाकी दुरुस्तीसारखे थोड्या दिवसांचे कोर्स होतात. तुमच्या गटातल्या दोघी जाऊन आल्या तर अनुदानातून गावागावात आलेल्या विडर-कटरचं सर्व्हिसिंग सेंटर गटालाच काढता येईल, गिऱ्हाईक दारात आहे.

प्रश्न: मालवणात वॉटर स्पोर्ट्सवर काम करतो. जेट स्की बिघडली की गोव्यातून माणूस बोलवावा लागतो. हे काम मला जमेल का? (तारकर्ली)

जमेल, आणि तुझ्या किनाऱ्यावर याची गरज मोठी आहे. जेट स्की म्हणजे प्रोपेलर नाही, आत इंपेलर असतो, तो खालून पाणी ओढून मागे फेकतो. आताच्या बहुतेक फोर स्ट्रोक आणि फ्युएल इंजेक्शनच्या आहेत, म्हणजे पाया दुचाकीचाच. बीएस-६ हा प्रदूषणाचा नियम आल्यापासून, म्हणजे एप्रिल २०२० पासून, रस्त्यावरच्या दुचाकीतही कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं, तेव्हा आधी दुचाकीवर सेन्सर, वायरिंग आणि स्कॅनर शिकून घे, मग तेच ज्ञान पाण्यावर वापर.

वेगळं आहे ते खारं पाणी. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने फ्लशिंग झालंच पाहिजे, आणि ज्या मशीनमध्ये समुद्राचं पाणीच इंजिनात फिरतं तिथं क्रम चुकवायचा नाही. आधी इंजिन सुरू, मग नळ. बंद करताना आधी नळ, मग इंजिन. उलटं केलंस तर एक्झॉस्टमधलं पाणी सिलिंडरमध्ये शिरतं आणि पुढचं बिल मालकाला रडवतं. पावसाळ्यात धंदा बंद असतो तेव्हा मशीन तशीच ताडपत्रीखाली टाकू नका, सिलिंडरमध्ये फॉगिंग ऑइल, म्हणजे गंज धरू न देणारं ऑइल, मारा, बॅटरी काढून घरात ठेवा, कनेक्टरना ग्रीस लावा. ऑक्टोबरात सुरू न होणाऱ्या मशीनचं कारण बहुतेक वेळा जूनमध्ये असतं. गोव्याहून येणाऱ्या त्या माणसाला एक सीझन मदतनीस म्हणून मिळतोस का बघ, पगार कमी घ्यावा लागला तरी चालेल.

प्रश्न: मुलगा हट्टाला पेटलाय की मेकॅनिकच होणार. सगळं इलेक्ट्रिकवर चाललंय, पाच वर्षांनी याला काम राहील का? (कणकवली)

काका, तुमची काळजी रास्त आहे. फवारणीचे पाठीवरचे पंप बॅटरीवर आलेच, स्कूटरही येतायत. पण आज ज्या गाड्या आणि मशीन विकल्या गेल्यात त्या दहा-पंधरा वर्षं चालतात, आणि जुनी होत जाईल तसं काम वाढतं. शिवाय पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल येतं, ते हवेतली ओल ओढतं, म्हणून महिनोन् महिने टाकीत पेट्रोल ठेवलेल्या कटर-जनरेटरच्या कार्बोरेटरमध्ये पाणी आणि चिकटा सापडतो, जुन्या रबरी नळ्या आणि डायफ्रामही लवकर खराब होतात. माझ्याकडचं मृगाच्या आधीचं बरंचसं काम हेच असतं.

अट एकच घाला, मल्टीमीटर शिकल्याशिवाय सोडायचं नाही. व्होल्टेज, कंटिन्युइटी म्हणजे वायर मध्ये तुटलीय का ते बघणं, शॉर्ट कुठं आहे ते शोधणं, हे ज्याला येतं तो इंजेक्शनची बाइकही करतो आणि बॅटरीची स्कूटरही. शेतीयंत्रांकडे ओढा असेल तर मध्य प्रदेशात बुधनीला १९५५ पासून केंद्र सरकारची ट्रॅक्टर आणि शेतीयंत्रांची प्रशिक्षण संस्था आहे, तिथले कोर्स बघा. आणि हट्टाला पेटलाय म्हणताय, तर एकदा त्याला काम करताना बघून या, तासभर नुसते उभे राहा.

प्रश्न: सुरुवातीला हत्यारं कुठली घेऊ? पैसे कमी आहेत. (राजापूर)

८ ते १९ चे रिंग आणि फिक्स पाने, १०-१२-१४ चे टी स्पॅनर, प्लग पाना, चांगले दोन स्क्रू ड्रायव्हर, पकड, फीलर गेज आणि मल्टीमीटर. फीलर गेज, म्हणजे बारीक गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या, लोक टाळतात, टाळू नकोस. टॅपेट, म्हणजे वॉल्वचा गॅप, कानाने लावणारे आहेत, पण होंडाच्या जीएक्स १६० ला, तेच १६३ सीसीचं इंजिन, इंजिन थंड असताना इनटेक ०.१५ आणि एक्झॉस्ट ०.२० मिमी गॅप लागतो आणि तेवढा फरक कानाला कळत नाही. पाने स्वस्तातले घेऊ नकोस, ते उघडतात आणि बोल्टच्या कडा घेऊन जातात. पुलर, टॉर्क रेंच, कॉम्प्रेशन गेज एकेक करून पहिल्या कमाईतून घे. आणि एक मोठा ट्रे, गोणपाट असलं तरी चालेल, सुटलेले पार्ट क्रमाने मांडायला.