आईला नुसती मारू नकोस

प्रिय लेखिके,

तुझ्या कॉमिकची पटकथा मिळाली, एका बैठकीत वाचली. चिलखत तुला चांगलं जमलंय. ते अंगावर चढताना होणारी घुसमट, आतल्या पडद्यावरून जग बघताना येणारं एकटेपण, ते उतरवल्यावर उघडं वाटणारं शरीर, हे सगळं वाचताना मी तुझ्या नायकाच्या सोबत होतो. आई मात्र जमलेली नाही. ती दुसऱ्या पानावर मरते, चौथ्या पानावर तिच्या फोटोसमोर तो शपथ घेतो आणि मग एकदम शेवटच्या पानावर ती ढगांत हसताना दिसते. तू विचारलं आहेस, भावना पोचते का. शपथ पोचते. आई पोचत नाही, कारण ती अजून कथेत आलेलीच नाही. आला आहे तो फक्त तिचा मृत्यू.

सोबतच्या पत्रात तू लिहितेस की तुला आयर्न मॅनचं चिलखत घालणारा टोनी स्टार्क आणि त्याच्या आईसारखं नातं हवं आहे. मग त्या नात्यात मुळात किती आणि काय आहे, ते आधी नीट बघू. लोकांना आठवतं त्यापेक्षा ते बरंच कमी आहे, आणि त्या कमीपणातच खरी गंमत आहे.

कॉमिक्समध्ये आयर्न मॅन आला १९६३ साली. त्याचे वडील हॉवर्ड १९७० मध्ये दिसले आणि आई मारिया १९७७ मध्ये. म्हणजे ज्या माणसाचं हृदय छातीवरच्या पत्र्यामुळे चालू राहतं हे पहिल्याच गोष्टीत सांगून झालं होतं, त्याची आई कथेत यायला चौदा वर्षं लागली. सुपरहिरोंच्या आयांचं साधारण असंच असतं. बाप वारसा देतो, कंपनी देतो, भांडण देतो. आई बहुधा एक फोटोफ्रेम देते.

तरी त्या जुन्या कॉमिक्समध्ये दोन गोष्टी अशा आहेत, ज्या कुणीही उचलाव्यात. पहिली ब्रेकची. तिथे हॉवर्ड आणि मारिया मोटार अपघातात जातात. कारभार हाती आल्यावर टोनी सुरुवातीलाच काय करतो, तर ती मोटार बनवणारी कंपनी विकत घेतो आणि ब्रेकच्या रचनेतला दोष काढून टाकायला लावतो. त्याच्या कितीतरी लढायांपेक्षा मला हा प्रसंग मोठा वाटतो. ज्या मुलाला रडणं जमत नाही, पण हातात पाना धरणं जमतं, त्याचं दुःख असंच बाहेर येणार. तुझा नायकही अभियंता आहे ना? मग तो फोटोसमोर उभा राहून भाषण कशाला करतोय?

दुसरी गोष्ट मारिया स्टार्क फाउंडेशनची. ॲव्हेंजर्स, म्हणजे टोनी ज्यात आहे त्या सुपरहिरोंच्या चमूचा खर्च कॉमिक्समध्ये वर्षानुवर्षं या संस्थेच्या पैशातून चालत आला. जग वाचवणार देव, राक्षस आणि सैनिक, आणि बिलं भरणार कुणाची तरी दिवंगत आई. यावर कुणी शोकगीत लिहीत नाही, नायकही तिचं नाव घेऊन गहिवरत नाही. ती कारभारात आहे, एवढंच. मेलेलं माणूस घरात कसं शिल्लक राहतं ते बघ: बऱ्याचदा सवयीत, हिशेबात, कुठल्या तरी कागदावरच्या नावात.

आता २०१६ च्या 'कॅप्टन अमेरिका: सिव्हिल वॉर'कडे येऊ. तुझ्या डोक्यात हाच चित्रपट आहे हे उघड आहे. त्यात मारिया जेमतेम दोन प्रसंगांत आहे. होप डेव्हिस ही अभिनेत्री तेवढ्यात तिला उभी करते. पहिला प्रसंग पुन्हा बघ, आणि या वेळी टोनीकडे न बघता मारियाकडे बघ. ती पियानो वाजवत गातेय. तरुण टोनी सोफ्यावर झोपलाय. ती त्याला म्हणते, ऊठ आणि बाबांना निरोप दे. हॉवर्ड येतो, टोमणा मारतो, मुलगा परत टोमणा मारतो. ती मध्ये पडते, मुलाची बाजू सावरून घेते. मग मुलाला सांगते की तू नसतोस तेव्हा यांना तुझी आठवण येते. बाप-लेकांमधली एवढी वाहतूक ती एकटी सांभाळते, आणि कुणी तिला विचारतसुद्धा नाही की बाई, तुझं काय.

आणि मग ती असं काही बोलते, जे कुठलीच आई बोलू शकणार नाही. आपण सगळे एकत्र असण्याची ही शेवटची वेळ आहे, काय होणार ते तुला माहीत आहे, काहीतरी बोल, नाहीतर पस्तावशील. इथे प्रेक्षक दचकतो. हिला कसं माहीत? कारण ही मारिया नाहीच. मोठा झालेला टोनी एमआयटी या अमेरिकेतल्या तंत्रविद्यापीठाच्या रंगमंचावर स्वतःची आठवण यंत्राने पुन्हा उभी करून दाखवतोय, आणि ती त्याने स्वतःला हवी तशी बदलून घेतलीय. तो तसं सांगतोही. खऱ्या त्या दिवशी तो बापाला काही बोललाच नव्हता. या प्रयोगावर ६१ कोटी १० लाख डॉलर खर्च झाल्याचंही तो जरा मिरवत, जरा स्वतःला हसत सांगतो.

आता माझा मुद्दा. एवढा पैसा ओतून त्याने आठवण दुरुस्त केली, पण कुणाशी बोलण्यासाठी? बापाशी. तुम्ही तुमच्या परीने शक्य तेवढं केलंत, माझं तुमच्यावर प्रेम आहे, हे वाक्य हॉवर्डला मिळतं. आईला काहीच मिळत नाही. स्वप्नातसुद्धा तो तिला तिच्या नेहमीच्या कामालाच लावतो: मध्यस्थी कर, मला ढकल, माझ्याकडून बाबांशी बोलवून घे. आईचं प्रेम गृहीतच असतं, त्यासाठी यंत्र कशाला लागतंय, असं त्याला वाटत असणार. तू म्हणशील हा लेखकांच्या नजरेतून निसटलेला भाग आहे. असेलही. मला तसं वाटत नाही, कारण चित्रपटाच्या शेवटी नेमकं हेच गृहीतक फुटतं.

शेवटाचा प्रसंग सायबेरियातला. खलनायक झेमो पडद्यावर १६ डिसेंबर १९९१ ची रस्त्यावरच्या कॅमेऱ्याची फीत लावतो. अपघात नव्हता, खून होता. खुनी बकी, म्हणजे स्टीव्हचा (कॅप्टन अमेरिकाचा) जिवलग मित्र, आणि तो तिथेच शेजारी उभा आहे. फितीत हॉवर्ड मरता मरता बायकोला वाचवा म्हणतो. मारिया गाडीतून हॉवर्डला हाका मारते. मग तिचा गळा. टोनी हे पूर्ण चिलखतात उभा राहून बघतो, पण चेहरा उघडा. दिग्दर्शकांनी त्याचा मुखवटा वर ठेवला, ही त्या प्रसंगातली सगळ्यात शहाणी गोष्ट. जगातलं सगळ्यात महाग चिलखत घातलेला माणूस, आणि वार बसतो तो नेमका झाकलेला नसलेल्या जागी.

स्टीव्ह त्याला समजावतो की बकीच्या मेंदूवर हायड्रा या गुप्त संघटनेचा ताबा होता. तर्क बरोबर आहे. टोनी म्हणतो, मला पर्वा नाही, त्याने माझ्या आईला मारलं. आईबापांना नाही, आईला. चित्रपटाच्या सुरुवातीला अख्खं यंत्र बापासाठी चालवणारा माणूस कडेलोटाच्या क्षणी बापाचं नावही घेत नाही. बापाशी त्याचं भांडण होतं, म्हणून बापाबद्दल त्याने वर्षानुवर्षं विचार केला, मांडणी केली, माफीही देऊन झाली. आईशी भांडण नव्हतं, म्हणून तिच्याबद्दल त्याने कधी विचारच केला नाही. जिथे कधी विचार पोचला नाही, तिथे दुःख कोरं राहिलेलं असतं. त्या कोऱ्या दुःखातून तो मित्रावर हात उगारतो. तुझ्या पटकथेत सूडाला कारण आहे, पण असा कोरा भाग कुठेच नाही. तुझ्या नायकाने पहिल्या पानापासून आईवर विचार करून ठेवलाय. म्हणून त्याचा राग पाठ केलेला वाटतो.

हाच चित्रपट बघताना आणखी एका बाईकडे लक्ष दे. एमआयटीचं ते भाषण संपवून टोनी मंचामागे जातो, तिथे लिफ्टपाशी त्याला एक आई गाठते. तिचा मुलगा सोकोव्हिया या कथेतल्या देशात मेला, ॲव्हेंजर्सच्या लढाईत. ती त्याच्या हातात मुलाचा फोटो कोंबते आणि दोष त्याच्या पदरात टाकून निघून जाते. आई गमावलेला मुलगा रंगमंचावरून उतरतो आणि मुलगा गमावलेली आई समोर उभी असते. यानंतरच तो ॲव्हेंजर्सवर सरकारी देखरेख आणणाऱ्या करारावर सही करायला तयार होतो. म्हणजे टोनीला हलवणाऱ्या दोन्ही घटना आयांच्या आहेत, आणि दोघी मिळून पडद्यावर काही मिनिटंच आहेत. त्याच कथेत बकीची स्मृती परत आलीय की नाही हे स्टीव्हला तपासायचं असतं, तेव्हा बकी पुरावा म्हणून काय सांगतो? तुझ्या आईचं नाव सारा. (त्याच वर्षी दुसऱ्या कंपनीच्या चिलखती नायकाने, बॅटमॅनने, आईच्या नावावरून भांडण थांबवलं होतं. लोक खूप हसले. ते नाव तिथे वरून चिकटवलेलं वाटलं. इथे सारा कथेच्या आत होती. फरक एवढाच.)

'ॲव्हेंजर्स: एंडगेम' या नंतरच्या चित्रपटात टोनी कालप्रवास करून १९७० सालात जातो आणि बापाला भेटतो. बायकोला दिवस गेलेत म्हणून हॉवर्ड फुलं घेऊन चाललाय. बाप-लेक बोलतात, मिठी मारतात, तो हिशेब मिटतो. मारिया तिथे पुन्हा नाही. ती आहे घरी कुठेतरी, टोनी तिच्या पोटात. मला ही उणीव डाचते. पण तुझ्यासारखीला ती जागा मोकळी मिळाली आहे, असंही वाटतं. सांधण्याचे प्रसंग बापांना पुष्कळ लिहून झालेत.

कॉमिक्सनी याच्या पुढचा एक धाडसी फाटा घेतला, तो तुला बहुधा माहीत नसेल. २०१३ मध्ये उघड झालं की टोनी हा हॉवर्ड आणि मारियाचा दत्तक मुलगा. आणि २०१६ मध्ये, म्हणजे तो चित्रपट आला त्याच वर्षी, कॉमिकमधला टोनी आपल्या जन्मदात्रीच्या शोधात निघाला. ती निघाली अमांडा आर्मस्ट्राँग, संगीतातली बाई. अनेक वाचकांना हे आवडलं नाही. माझं मत अर्धं-अर्धं आहे, पण एक प्रश्न मात्र त्यामुळे सुटा झाला: चिलखताच्या आतल्या मुलाची आई कोण, जन्म देणारी की घडवणारी?

आपल्याला हा प्रश्न नवा नाही. कवच घेऊन जन्मलेला एक वीर आपल्याकडे आहेच. उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला त्याचा जन्म सांगतो, राज्य देऊ करतो. कर्ण तेव्हा तत्त्वज्ञान सांगत नाही. राधेने माझं मलमूत्र काढलं, माझ्यावरच्या मायेने तिला पान्हा फुटला, तिला मी कसा सोडू, असं म्हणतो. एवढ्या मोठ्या ग्रंथात राधेला जागा किती थोडी आहे बघ. तरी ती कुंतीइतकीच खरी वाटते, कारण तिने काय केलं ते कर्णाने नाव घेऊन सांगितलं. तुझा नायक म्हणतो, 'आई, तू माझं सर्वस्व होतीस.' सर्वस्व म्हणजे काय? तिने काय केलं ते त्याला सांगू दे.

तर पुढच्या खर्ड्यासाठी माझं मागणं असं. शपथेचं पान फाड. मृत्यू सध्या पानभर आहे, तो दोन चौकटींत बसव किंवा दाखवूच नकोस. वाचलेली जागा आईला जिवंतपणी दे, पण अट अशी की त्या पानांत तिने मुलासाठी काही करता कामा नये. तिचं स्वतःचं काहीतरी चाललेलं असू दे. मारिया गात होती, ते कुणाला समजावण्यासाठी नव्हतं. गाणं तिचं होतं, आणि बाप-लेकांनी ते मध्येच तोडलं. तुझ्या नायकानेही असं काहीतरी तोडलेलं असावं, आणि ते तोडलं हेसुद्धा त्याच्या लक्षात नसावं. वाचकाच्या असावं.

त्या पानांवर संवादांचे फुगे कमीत कमी ठेव. चित्रकाराला त्रास होईल, होऊ दे.

चिलखत आणि आई यांचा संबंध शब्दांनी जोडायला जाऊ नकोस. 'हे कवच म्हणजे तुझी माया' छापाचं वाक्य तुझ्या अकराव्या पानावर आहे, ते आधी काढ. त्याऐवजी चिलखतात असा एक भाग असू दे, जो नायक पुन्हा पुन्हा सुधारतो आणि ज्याची लढाईत गरज कधीच पडत नाही. का सुधारतो ते सांगू नकोस. ब्रेकचा प्रसंग आठव.

शेवटच्या पानावर ती ढगांत परत यावी का, असं तू विचारलं आहेस. नको. टोनीने यंत्राने आईला परत आणलं, तेव्हा ती त्याचीच वाक्यं बोलली. ढगांतली आईही तुझ्या नायकाचीच वाक्यं बोलते, आणि त्याचं तुला भान नाही. तिला आणायचंच असेल तर त्याला माहीत नसलेली तिची एखादी गोष्ट तिसऱ्याच कुणाकडून त्याच्यापर्यंत येऊ दे: जुनी मैत्रीण, सहकारी, जिच्याशी तिचं भांडण होतं अशी कुणी. ती गोष्ट फार गोड नसावी. त्यावर तो काय करतो, तिथून तुझा शेवट निघेल. तो मला आत्ता दिसत नाही, आणि मी सुचवणारही नाही.

चिलखताच्या पानांना हात लावू नकोस. ती तशीच राहू देत. आईची पानं आधी लिही आणि तेवढीच पाठव, बाकीचं नंतर बघू.

तुझा,
जुना वाचक