मसाल्याच्या धंद्याची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी करावी का?

साताऱ्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. कांदा-लसूण मसाला आणि चटण्यांचा त्यांचा धंदा एकटीच्या नावावर आहे. जीएसटी, फूड लायसन्स, उद्यम नोंदणी, सगळं जागच्या जागी. वर्षाची विक्री ४६ लाख, खर्च वजा जाता साडेसात लाख हातात राहतात. मोठं कांडप यंत्र घ्यायला नणंदेचा मुलगा ५ लाख द्यायला तयार आहे. पण त्याला ४० टक्के हिस्सा हवा, आणि त्यासाठी प्रायव्हेट लिमिटेड करू म्हणतो. एजंट १५ हजारांत 'सगळं' करून देतोय. करावी का?

ताई, यंदा करू नका. आणि कंपनीच्याही आधी त्या ४० टक्क्यांकडे बघा.

५ लाखांना ४० टक्के म्हणजे पैसे आल्यानंतर अख्ख्या धंद्याची किंमत धरली साडेबारा लाख. त्यातले ५ लाख त्याचे. म्हणजे तुम्ही इतक्या वर्षांत उभं केलेलं गिऱ्हाईक, चव, नाव, या सगळ्याचे मिळून साडेसात लाख, फक्त एका वर्षाचा नफा! आजच्या नफ्यावर त्याच्या वाट्याला वर्षाला ३ लाख जातील. तेच ५ लाख १२ टक्के व्याजाने घेतले तर पहिल्या वर्षाचं व्याज ६० हजार, आणि कर्ज फिटलं की हिशेब संपला. हिस्सा संपत नाही. भाचा स्वतः पूर्णवेळ कामाला उतरणार असेल तर त्याला पगार द्या, मोकळ्या मनाने द्या, पण पगार आणि मालकी यांची सरमिसळ नको.

आता कंपनीचं. काढणं अवघड नाही. कायदा केंद्राचा आहे, २०१३ चा. राज्यानुसार बदलते ती मुख्यतः स्टॅम्प ड्युटी, आणि कोणतं रजिस्ट्रार कार्यालय तुमच्यावर ते. त्यामुळे 'मुंबईचा पत्ता घ्या' असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. घरचा पत्ता चालतो. लाइट बिल सासऱ्यांच्या नावावर असेल तर त्यांचं ना-हरकत पत्र जोडायचं. दोन संचालक, दोन भागधारक लागतात. किमान भांडवलाची अट नाही आणि अधिकृत भांडवल (कंपनी जास्तीत जास्त किती रकमेचे शेअर काढू शकते ती मर्यादा) १५ लाखांपर्यंत असेल तर नोंदणीची केंद्राची फी शून्य. 'स्पाइस प्लस' या ऑनलाइन अर्जातच पॅन, टॅन (करकपात भरण्यासाठीचा नंबर) आणि महाराष्ट्रात व्यवसाय कराची नोंदणीही होते.

खर्च सुरू होतो त्यानंतर. ३० दिवसांत ऑडिटर नेमा, १८० दिवसांत भांडवल भरल्याचं जाहीरपत्र द्या. पुढे विक्री झाली नाही तरी दरवर्षी ऑडिट, आणि ताळेबंद व वार्षिक विवरण असे दोन फॉर्म. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्मला रोज १०० रुपये. दोन्ही वर्षभर राहिले तर ७३ हजार. एजंटच्या १५ हजारांत यातलं काय काय येतं, ते लेखी मागा.

करात तरी सुटका आहे का? आज नव्या करप्रणालीत साडेसात लाखांवर तुम्हाला कर नाही, १२ लाखांपर्यंत सूट आहे. कंपनीचा नफा मात्र पहिल्या रुपयापासून करपात्र. २२ टक्क्यांचा सवलतीचा दर घेतला तरी अधिभार आणि उपकर धरून २५.१७ टक्के, म्हणजे साडेसात लाखांवर जवळपास १ लाख ८९ हजार. संचालक म्हणून पगार घेतलात तर हा कर वाचेल. पण मग आज आहात तिथेच, वर ऑडिटचा खर्च. शिवाय आज गल्ल्यातून मुलाची फी भरता तशी कंपनीच्या खात्यातून भरता येत नाही. तो पैसा कंपनीचा.

कंपनीचा खरा फायदा म्हणजे मर्यादित जबाबदारी. धंदा बुडाला तर पुरवठादार तुमच्या घरापर्यंत सहसा पोचत नाही. पण छोट्या कंपनीला कर्ज देताना बँक संचालकांची वैयक्तिक हमी घेतेच, तेव्हा बँकेपुरतं ते कवच गळून पडतं.

सगळ्यात वाईट पर्याय म्हणजे तोंडी भागीदारी, 'घरातलाच आहे' म्हणून. ती भागीदारीच ठरू शकते, मग त्याने केलेली उधारीही तुमच्या अंगावर येते. आणि नोंदणी नसलेल्या फर्मला थकलेल्या दुकानदारावर वसुलीचा दावाही लावता येत नाही.

तेव्हा आधी बँकेत जा. मुद्रा या छोट्या धंद्यांसाठीच्या सरकारी कर्ज योजनेच्या किशोर गटात ५ लाखांपर्यंत कर्ज मिळतं. नाही जमलं तर भाच्याकडूनच घ्या, पण कर्ज म्हणून. स्टॅम्प पेपरवर करार, व्याज आणि हप्ते लिहिलेले, रक्कम बँकेतूनच. २० हजार किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीने घेणं कायद्यात बसत नाही. आणि मसाल्याच्या नावाचा ट्रेडमार्क अर्ज याच महिन्यात स्वतःच्या नावाने करा, ऑनलाइन फी मालाच्या एका वर्गाला ४,५०० रुपये. कंपनीचं नाव मंजूर झालं म्हणजे ब्रँड आपला झाला, असं होत नाही.

पुढे बाहेरचा गुंतवणूकदार आला किंवा मोठ्या साखळी दुकानाने कंपनीच हवी म्हटलं, तर जरूर काढा. तेव्हा भाच्याला हिस्सा द्यायचा झाला तरी २५ टक्क्यांच्या वर नको. त्यापुढे गेला की विशेष ठराव, म्हणजे ज्याला ७५ टक्के मतं लागतात असे मोठे निर्णय, तो एकटा अडवू शकतो. आणि कंपनी झाली की जीएसटी व फूड लायसन्स नव्याने घ्यावं लागतं, पाकिटावरचा नंबरही बदलतो, म्हणून त्या सुमारास पाकिटं एकदम वर्षभराची छापून ठेवू नका.