शांततावादी अहमद जाबरी शस्त्रसंधीची बोलणी करत असताना इस्रायलने त्याला मारलं, हे खरं आहे का? आणि त्यातून इस्रायलला काय मिळालं?

बोलणी चालू होती, हे खरं. पण तो शांततावादी होता आणि म्हणून त्याला उडवलं, असं जे फॉरवर्डमधून फिरतं ते धादांत खोटं. तुमच्या प्रश्नात या दोन्ही गोष्टी एकत्र आल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ज्यांना नाव आठवत नसेल त्यांच्यासाठी: जाबरी हा हमास या पॅलेस्टिनी इस्लामी संघटनेच्या लष्करी शाखेचा, अल-कसाम ब्रिगेड्सचा, रोजचा कारभार बघणारा सेनापती. 14 नोव्हेंबर 2012 ला गाझा शहरात, भर दिवसा, त्याच्या चालत्या गाडीवर इस्रायलने क्षेपणास्त्र सोडलं. तो आणि गाडीतला साथीदार दोघेही गेले. आपल्याकडे तो दिवाळी पाडव्याचा दिवस होता, आणि त्याच आठवड्यात मातोश्रीबाहेर गर्दी जमायला लागली होती. मराठी पेपरांत दुसऱ्या कशाला फारशी जागाच उरली नव्हती. त्यामुळे आपल्यातल्या बहुतेकांनी हे प्रकरण पुढे कधीतरी इंटरनेटवर तुकड्यातुकड्यांत वाचलंय.

माणूस 1960 चा, गाझातल्या शुजाइया भागातला. सुरुवातीला तो यासर अराफत यांच्या फतह या पॅलेस्टिनी संघटनेचा कार्यकर्ता होता. तेव्हा हमास जन्मालाही आली नव्हती. 1982 मध्ये इस्रायलने पकडलं आणि 13 वर्षं आत ठेवलं. तुरुंगात गेला तो फतहचा होता, 1995 ला बाहेर आला तो हमासचा. आत त्याची गाठ पडली हमासच्या संस्थापकांपैकी अब्देल अझीझ रंतिसी, पुढे लष्करी शाखेचा प्रमुख असलेला सलाह शहादे अशा लोकांशी. सुटल्यावर त्याने काम धरलं कैद्यांच्या आणि मारल्या गेलेल्यांच्या कुटुंबांना मदत करणाऱ्या संस्थेत. हा तपशील लोक गाळतात, पण कैदी सोडवणं हा विषय पुढे आयुष्यभर त्याच्या डोक्यात का होता, ते इथे कळतं.

लष्करी शाखेत तो वर चढला तो वरचे एकेक जण जात राहिल्यामुळे. जुलै 2002 मध्ये शहादेच्या घरावर एक टनाचा बॉम्ब पडला. त्यात शेजारपाजारची लहान मुलंही मेली आणि खुद्द इस्रायलमध्ये त्यावरून मोठा गदारोळ झाला. मग सूत्रं मोहम्मद देइफकडे आली. 2006 च्या हल्ल्यात देइफ गंभीर जखमी झाला. नावाला प्रमुख तोच राहिला, पण हुकूम जाबरीचा चालू लागला. मधल्या काळात, 2004 मध्ये, जाबरीच्या स्वतःच्या घरावर हल्ला होऊन त्याचा थोरला मुलगा आणि भाऊ मारले गेले होते. तो स्वतः वाचला. विखुरलेल्या टोळ्यांना बटालियन आणि ब्रिगेडच्या शिस्तीत बसवण्याचं श्रेय त्यालाच देतात. 2007 मध्ये फतहला हुसकून हमासने गाझा ताब्यात घेतलं, त्यामागे हीच बांधणी होती.

जगाने त्याला पाहिलं ते मात्र 18 ऑक्टोबर 2011 ला. इस्रायली सैनिक गिलाद शालित याला जून 2006 मध्ये सीमेखालून भुयार खणून पळवलं होतं. पाच वर्षांहून जास्त काळ गाझासारख्या एवढ्याशा पट्ट्यात तो कुठे आहे, याचा पत्ता इस्रायलला लागला नाही. अखेर 1,027 कैद्यांच्या बदल्यात त्याला सोडायचं ठरलं. गाझा-इजिप्त सीमेवरच्या रफाह नाक्यावरचं ते चित्रण मिळालं तर जरूर बघा. शालित डोक्यावर टोपी घातलेला, खंगलेला, चेहऱ्यावर रक्त नाही. आजूबाजूला बुरखाधारी बंदूकवाले. आणि त्याला सोबत घेऊन येणारा, चेहरा उघडा ठेवलेला, दाढीवाला जाबरी. एरवी सावलीतही न दिसणारा माणूस त्या दिवशी मुद्दाम कॅमेऱ्यासमोर आला होता. माल मी सांभाळला आणि किंमत मी वसूल केली, हे त्याला दाखवायचं होतं, असं मला वाटतं. सुटलेल्या कैद्यांच्या खात्यावर 569 इस्रायलींचे जीव आहेत, असं तो एका अरबी वर्तमानपत्राशी बोलताना म्हणाल्याचं छापून आलं होतं. अशा माणसाला शांतिदूत ठरवायला फारच भाबडेपणा लागतो.

आता बोलण्यांकडे येऊ. गेर्शोन बास्किन हा इस्रायली शांतता कार्यकर्ता. शालितच्या सुटकेत पडद्यामागे त्याचा मोठा हात होता. जाबरी इस्रायली माणसाशी थेट बोलत नसे, त्यामुळे निरोप जायचे हमासच्या गाझी हमदमार्फत. तोच धागा 2012 मध्ये पुन्हा जुळला: दीर्घ मुदतीची शस्त्रसंधी, आणि मधेच चकमक उडाली तर ती वाढू न देता थांबवायची कशी, याची ठरलेली पद्धत. मारला गेला त्याच दिवशी सकाळी हा मसुदा जाबरीपर्यंत पोहोचला होता, असं बास्किनने दोनच दिवसांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं. असा प्रयत्न चालू असल्याची इस्रायलमधल्या वरिष्ठांनाही कल्पना होती, असंही त्याचं म्हणणं. पण जाबरी शांततेचा पुरस्कर्ता नव्हता, हेसुद्धा बास्किनने स्वच्छ सांगितलंय. फॉरवर्ड करणारे नेमकं ते वाक्य कापतात.

इस्रायलची बाजू अशी, की दहा वर्षांतल्या हल्ल्यांचा सूत्रधार हा, गाझात इराणी बनावटीची लांब पल्ल्याची रॉकेटं जमली ती याच्या कारकिर्दीत, आणि नोव्हेंबरच्या त्या आठवड्यात दक्षिण इस्रायलवर शंभरावर रॉकेटं पडली होती. त्यात जानेवारी 2013 मध्ये निवडणूकही होती; तिचा या निर्णयाशी किती संबंध, यावर इस्रायली पत्रकारांतच तेव्हा बरंच वाजलं. हारेत्झ या इस्रायली दैनिकाचे संपादक अलुफ बेन यांनी तर जाबरीला इस्रायलचा गाझातला पोटकंत्राटदार म्हटलं. सीमेवर शांतता राखायची, इस्लामिक जिहादसारख्या छोट्या गटांना आवरायचं, हे काम त्याच्याकडे होतं, आणि इस्रायलने आपलाच पोटकंत्राटदार मारला.

मला हे म्हणणं पटतं, पण अर्धंच. जाबरीने रॉकेटं आवरली ती स्वतःच्या सोयीने, आणि सोय बदलली की सोडलीही. मात्र जो 'थांबा' म्हणाला की बंदूकवाले थांबतात, असा माणूस पलीकडे असणं आणि नसणं यात फरक असतो. लिहून दिलेली शस्त्रसंधी कुणीही सही करून देईल. ती खालच्या पोरांकडून पाळून घेणारा तेव्हा गाझात तोच होता.

हल्ल्याचं कृष्णधवल चित्रण इस्रायली लष्कराने काही तासांत यूट्यूबवर टाकलं: वरून दिसणारा रस्ता, सरळ जाणारी गाडी, मग पांढरा लोळ आणि उडणारे तुकडे. मोहिमेची घोषणा ट्विटरवर झाली, आणि कसाम ब्रिगेड्सनेही धमकी ट्विटरवरच दिली. पुढे आठ दिवस लढाई. 1991 च्या आखाती युद्धानंतर पहिल्यांदा तेल अवीवमध्ये भोंगे वाजले. सुमारे 170 पॅलेस्टिनी आणि 6 इस्रायली मेले. 21 नोव्हेंबरला इजिप्तच्या मध्यस्थीने शस्त्रसंधी झाली. त्या दिवशी सकाळीच येरवड्यात कसाबला फाशी झाली होती, त्यामुळे तीही बातमी आपल्याकडे झाकली गेली. समझोत्यात गाझाच्या कोळ्यांना तीनऐवजी सहा सागरी मैलांपर्यंत मासेमारीची मुभा मिळाली.

इस्रायलला काय मिळालं, असंही तुम्ही विचारलंय. 2013 हे वर्ष सीमेवर बरंच शांत गेलं, हे मान्य करायला हवं. पण 2014 च्या उन्हाळ्यात पन्नास दिवसांचं युद्ध झालं, आणि तोवर सूत्रं पुन्हा देइफच्या हातात होती. तो जुलै 2024 मध्ये मारला गेला. आणि जाबरीने शालितच्या बदल्यात जे कैदी सोडवून आणले, त्यांच्या पहिल्या तुकडीत एकाचं नाव होतं याह्या सिनवार. 7 ऑक्टोबर 2023 च्या हल्ल्यामागचा हाच तो सिनवार. तेव्हा जाबरीचा हिशेब मांडायचा तर 2012 च्या हल्ल्याइतकंच 2011 च्या त्या सौद्याकडेही बघावं लागतं. त्या सौद्यावर सही नेतान्याहूंच्या सरकारची होती, आणि वर्षभराने जाबरीला मारण्याचा निर्णयही त्याच सरकारचा.