पायटेस्ट म्हणतं 'कलेक्टेड ० आयटम्स', टेस्ट तर १४ लिहिल्या आहेत

प्रश्न थोडक्यात असा: जिनिंगच्या काट्यावरून आलेल्या कापसाची ओलाव्यानुसार कटती (वजनातली कपात) काढणारा पायथन प्रोग्रॅम. ८ टक्क्यांपर्यंत कटती नाही, १२ च्या वर माल परत. टेस्ट 'ओलावा-टेस्ट.पीवाय' या फाइलमध्ये, फंक्शनची नावं 'तपासा_८' अशी. टेस्ट शोधून चालवणारं पायटेस्ट टर्मिनलवर शून्य दाखवतं, व्हीएस कोड या एडिटरचं पॅनेलही रिकामं.

भाऊ, आधी व्हीएस कोड बाजूला ठेवा. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडून 'पायथन -एम पायटेस्ट --कलेक्ट-ओन्ली -क्यू' द्या. (इथं देवनागरीत लिहितोय, टाइप इंग्रजी अक्षरांत करा.) यात टेस्ट चालत नाहीत, सापडलेल्यांची फक्त यादी येते. नुसतं 'पायटेस्ट' लिहू नका. संगणकावर दोन पायथन असले तर भलत्याच पायथनचं पायटेस्ट चालू होतं. शिवाय '-एम' मुळे इम्पोर्ट (दुसऱ्या फाइलमधला कोड आत घेणं) करताना पायथन चालू फोल्डरातही शोधतो आणि निम्म्या इम्पोर्टच्या तक्रारी तिथंच मिटतात.

यादी रिकामी आली, तर आता फाइलचं नाव थेट देऊन तीच कमांड चालवा. थेट नाव दिलेली फाइल पायटेस्ट उघडतंच, मग नाव नियमात बसो वा न बसो. त्यामुळे आता टेस्ट दिसल्या तर चूक फाइलच्या नावात किंवा फोल्डरमध्ये आहे. तरीही शून्य, तर चूक फंक्शनच्या नावात. तुमच्याकडे दोन्ही चुका आहेत.

फाइलचं नाव 'टेस्ट_' ने सुरू व्हावं किंवा '_टेस्ट' ने संपावं लागतं, आणि तो अंडरस्कोरच हवा. तुमच्या नावात हायफन आहे, तो चालत नाही. नुसती 'टेस्ट.पीवाय' पायथनसोबत येणाऱ्या युनिटटेस्टला चालते, पायटेस्टला नाही. जुना प्रोजेक्ट इकडे आणणारे इथंच अडकतात. फंक्शनच्या नावाची सुरुवात 'टेस्ट' ने हवी. क्लास असेल तर मोठ्या टी ने, आणि त्यात '__इनिट__' नको, नाहीतर एक वॉर्निंग देऊन अख्खा क्लास सोडून दिला जातो. पायथन ३ मध्ये फंक्शनला देवनागरी नाव देता येतं, पण सुरुवातीची ती चार अक्षरं इंग्रजीच लागतात. पुढं खुशाल 'कटती' लिहा.

नोटपॅडमधून सेव्ह केली असेल तर एक्सप्लोररमध्ये फाइलचं एक्स्टेन्शन दाखवायला लावा. शेवटी '.टीएक्सटी' चिकटलेलं निघतं.

नावं बरोबर असून शून्य? मग फोल्डर बघा. 'बिल्ड', 'डिस्ट', 'व्हेन्व्ह', 'नोड_मॉड्यूल्स' आणि टिंबाने सुरू होणाऱ्या फोल्डरात पायटेस्ट शिरत नाही. सेटिंग 'पायप्रोजेक्ट.टॉमल' मध्ये लिहिली आणि शेजारी 'पायटेस्ट.आयएनआय' पडलेली असेल, तर ती रिकामी असली तरी तिचंच ऐकलं जातं.

नावं सुधारल्यावर १४ ऐवजी १२ दिसल्या तर कॉपी-पेस्ट तपासा. ८, १० आणि १२ टक्क्यांसाठी एकच फंक्शन तीनदा चिकटवलं, आतले आकडे बदलले, नाव बदलायचं राहिलं. पायथन शेवटचंच धरतो, आधीची दोन चुपचाप जातात, एररही नाही. अशा ठिकाणी 'पॅरामेट्राइझ' वापरा. फंक्शन एकच, आकड्यांची यादी वर, आणि टेस्ट तीन मोजल्या जातात. त्यात १२.१ पण घाला, चुका अशा काठावरच होतात.

यादीऐवजी 'मॉड्यूलनॉटफाउंडएरर' आला तर फाइल सापडली आहे, आतलं इम्पोर्ट अडलंय. अशी एक फाइल अडली की बाकीच्या टेस्टही चालत नाहीत. 'इम्पोर्ट फाइल मिसमॅच' आला तर दोन फोल्डरांत एकाच नावाच्या टेस्ट फाइल असतील. एकीचं नाव बदला आणि '__पायकॅश__' फोल्डर उडवा.

टर्मिनलवर सगळं दिसतं पण व्हीएस कोडमध्ये नाही, म्हणजे बहुतेक इंटरप्रिटर (कोड चालवणारा पायथन) वेगळा निवडलेला आहे. खाली उजव्या कोपऱ्यातून बदला, मग 'कॉन्फिगर टेस्ट्स' मध्ये पायटेस्ट घ्या. सुटी फाइल नका उघडू, पूर्ण फोल्डर उघडा. त्या इंटरप्रिटरमध्ये पायटेस्टच नसेल आणि गावात नेट दम धरत नसेल, तर तालुक्याच्या ठिकाणी 'पिप डाउनलोड पायटेस्ट' करून फाइली पेन ड्राइव्हवर आणा. इथं 'पिप इन्स्टॉल --नो-इंडेक्स --फाइंड-लिंक्स' पुढं त्या फोल्डरचा पत्ता आणि 'पायटेस्ट' द्या. दोन्हीकडे विंडोज आणि पायथनची आवृत्ती सारखी ठेवा, नाहीतर एखादं पॅकेज कमी पडतं.

रोजची बॅच फाइल असेल तर अजून एक. प्रोग्रॅम संपताना एक आकडा देतो, तो एक्झिट कोड; शून्य म्हणजे सगळं ठीक. टेस्ट फेल झाली तर १ येतो, एकही सापडली नाही तर ५. बॅचमध्ये 'एररलेव्हल बरोबर १' अशी तुलना असेल तर ५ ला सगळं ठीक धरलं जाईल. शून्य नसेल तर थांब, असं लिहा.