एअर रायफलचे पेलेट तपासायला क्रोनोग्राफ कोणता घ्यावा आणि कसा वापरावा?

तुमची मुलगी कोल्हापुरात १० मीटर एअर रायफल मारते, पेलेटचा (छर्ऱ्यांचा) नवा लॉट, म्हणजे कारखान्यातल्या एकाच खेपेचे डबे, आणल्यापासून स्कोअर वरखाली होतोय, आणि क्रोनोग्राफ, म्हणजे पेलेटचा वेग मोजायचं यंत्र, घेतला तर चांगला लॉट निवडता येईल का, असं तुम्ही विचारलंय. लॉट क्रोनोग्राफवर निवडता येत नाही. क्रोनोग्राफ रायफलची तब्येत सांगतो. लॉटचा निकाल कार्डावरच्या छिद्रांवरून लावायचा. वेग अगदी एकसारखा असूनही नळीला न मानवणारा पेलेट ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या छिद्रांचा पुंजका) फाकवतोच.

तरी वेग तपासायला हवा. १७२ मीटर प्रतिसेकंद वेगाचा पेलेट १० मीटरवर सुमारे १६.६ मिमी खाली येतो, १७० चा १७ मिमी. म्हणजे दोन मीटरच्या फरकानं छिद्र ०.४ मिमी खाली. रायफलच्या टार्गेटवर दशांशाची एक पायरी ०.२५ मिमीची असते, त्यामुळे १०.५ चा शॉट यातच १०.३ वर येऊ शकतो.

यंत्रं मुख्यतः दोन प्रकारची. प्रकाशाच्या सेन्सरवालं स्वस्त असतं आणि घरच्या कामाला पुरतं, पण ट्यूबलाइटखाली फसतं: आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते आणि सेन्सर तिलाच पेलेट समजतो. म्हणून स्वतःचे इन्फ्रारेड दिवे असलेलं घ्या. नळीच्या तोंडाला अडकवायचं मॉडेल सोयीचं, पण ते लावून ग्रुप मारू नका. नळीवर वजन आलं की मार सरकतो. रडारवालं महाग, रायफलच्या बाजूला ठेवायचं, नेम घेताना मध्ये काहीच येत नाही. त्यात एअरगनचा मोड आहे ना ते आधी विचारा, आणि शेजारच्या लेनवर कुणी मारत असताना आलेले आकडे धरू नका. एका रायफलसाठी मी रडारवर खर्च करणार नाही.

मोजण्याआधी पेलेट तोला. गुजरीत सराफांकडं असतो तसा मिलिग्रॅमचा काटा लागेल. ०.५३ ग्रॅमच्या पेलेटमध्ये ०.०१ ग्रॅमचा फरक पडला तर वेग साधारण दीड मीटरनं बदलतो. हे वगळलं तर पेलेटचा दोष रायफलच्या माथी बसतो. एकाच वजनाचे ३० निवडा. स्कर्ट (पेलेटची मागची पोकळ कड) दबलेले बाजूला काढा.

स्टँडवरचं यंत्र नळीच्या तोंडापासून हातभर पुढं ठेवा. फार जवळ असलं तर पेलेटबरोबर सुटलेली हवाच सेन्सर चाळवते. पेलेट दोन्ही सेन्सरच्या मधोमध, सरळ रेषेत गेला पाहिजे; तिरका गेला की अंतर वाढतं आणि वेग कमी दिसतो. पुढं पेलेट ट्रॅप, मारणाऱ्याच्या आणि बघणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा.

रायफलचा हवेचा सिलिंडर भरलेला असताना पाच शॉट सोडून द्या, मग २० नोंदवा. पाच शॉटवर मत बनवू नका: त्याच रायफलचा सर्वांत जास्त आणि कमी वेगातला फरक पाच शॉटांत प्रमाण विचलनाच्या (सरासरीभोवती आकडे किती विखुरतात त्या मापाच्या) सव्वादोनपट दिसतो, वीस शॉटांत पावणेचारपट. मधेच ४०० किंवा ६० असा आकडा आला तर ती यंत्राची चूक, खोडून टाका. १६७ आला तर मात्र तो ठेवायचाच, नको वाटला तरी.

आता आकड्यांकडं नीट बघा. दहा मिनिटं थांबल्यावर पहिलाच शॉट जास्त वेगाचा आणि पुढचे नेहमीचे, म्हणजे रेग्युलेटर (सिलिंडरमधल्या हवेचा दाब कमी करून दर शॉटला सारखा ठेवणारा भाग) दाब सरकवतोय. वेग शॉटागणिक उतरत चालला तर सिलिंडरचा दाब रेग्युलेटरच्या दाबाखाली गेलाय; सिलिंडरच्या गेजवर (दाबाच्या काट्यावर) कोणत्या आकड्यापासून उतार लागतो ते लिहून ठेवा आणि त्याआधीच भरा. काही क्रम नसताना वरखाली होत असेल तर आधी लोडिंग प्रोबची (पेलेट नळीत ढकलणाऱ्या दांडीची) ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, बदला, दुरुस्ती स्वस्तातली आहे. रेग्युलेटर मात्र घरी उघडू नका, आत २०० बारपर्यंतची हवा असते.

ऊर्जा काढायची तर वेगाचा वर्ग गुणिले ग्रॅममधलं वजन भागिले २०००. १७० आणि ०.५३ ला ७.६६ ज्यूल येतात, मॅच रायफलला हे ठीक.

वेग स्थिर असल्याची खात्री झाली की मगच रायफल शिकंज्यात बांधून प्रत्येक लॉटचे दहा-दहा शॉटांचे तीन ग्रुप मारा. दोन लॉट अगदी जवळ आले तर आणखी तीन मारा, आणि निवडलेल्या लॉटचे डबे पूर्ण सीझनला पुरतील एवढे एकदमच घ्या.