बेरिलियम अ‍ॅल्युमिनियमसारखं का वागतं?

क्लासमध्ये ‘आकार लहान म्हणून’ एवढंच सांगून पुढे गेले, पण आकार लहान असला तर गुणधर्म का बदलावेत, असं तुम्ही विचारलंय. प्रश्न अगदी रास्त आहे. मी पुण्यात बरीच वर्षं अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवतो. नोट्समधून नेमकी हीच पायरी गाळलेली असते.

मॅग्नेशियम आयनाची त्रिज्या ७२ पिकोमीटर, बेरिलियमची जेमतेम ३१. भार दोन्हींवर +२च. इतक्या कमी जागेत एकवटलेला भार शेजारच्या क्लोराइडचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे खेचतो आणि बंध सहसंयुज, म्हणजे इलेक्ट्रॉन वाटून घेणारा, होत जातो. म्हणून बेरिलियम क्लोराइड घनरूपात लांब साखळ्यांचं असतं, आणि वितळवलं तरी त्यातून वीज नीट वाहत नाही.

आता भाराला त्रिज्येने भागा. बेरिलियमला ०.०६५ येतात, मॅग्नेशियमला ०.०२८. अ‍ॅल्युमिनियमचा भार +३, त्रिज्या ५४ च्या आसपास, म्हणजे ०.०५६. बेरिलियम कोणाच्या जवळ आहे ते दिसलं ना? डायगोनल रिलेशनशिप (आवर्तसारणीत एकमेकांच्या तिरप्या असलेल्या मूलद्रव्यांमधलं साम्य) पाठ करण्याआधी हा भागाकार एकदा हाताने कराच.

बेरिलियमची संयुगं विषारी असतात, त्याची धूळ फुप्फुसं कायमची खराब करते. त्यामुळे कॉलेजच्या लॅबमध्ये ती हाताळायला मिळणार नाहीत. पण सरांसमोर एवढं करून बघा. एका परीक्षानळीत तुरटीचं (तिच्यात अ‍ॅल्युमिनियम असतं) द्रावण घ्या, दुसरीत मॅग्नेशियम सल्फेटचं. दोन्हींत थेंब थेंब कॉस्टिक सोडा घाला. दोन्हीकडे पांढरा साका येईल. घालत राहा: तुरटीचा साका विरघळून द्रावण नितळ होतं, मॅग्नेशियमचा तसाच राहतो. बेरिलियम हायड्रॉक्साइड तुरटीच्या बाजूचं, म्हणजे उभयधर्मी: आम्लातही विरघळतं आणि अल्कलीतही.

एक गोष्ट मात्र नुसत्या आकाराच्या खात्यात टाकू नका. बेरिलियमच्या बाह्य कवचात एक एस आणि तीन पी अशी चारच ऑर्बिटल्स (इलेक्ट्रॉनांच्या जागा) आहेत, म्हणून ते चारच बंध करतं. पाण्यात त्याच्याभोवती पाण्याचे चार रेणू असतात, मॅग्नेशियमभोवती सहा.

हे साम्य इतकं पक्कं आहे की एकोणिसाव्या शतकात अनेक रसायनशास्त्रज्ञ बेरिलियमची संयुजा अ‍ॅल्युमिनियमसारखी तीन धरत. तसं धरलं तर अणुभार १३.८ च्या आसपास येतो, आणि आवर्तसारणीत कार्बन-नायट्रोजनच्या मध्ये जागाच नाही. मेंडेलीव्हने संयुजा दोन धरली, अणुभार ९ च्या आसपास घेतला आणि त्याला लिथियम-बोरॉनच्या मध्ये बसवलं. नील्सन आणि पेटरसन हे स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ आधी तीनच्या बाजूचे होते. १८८४ मध्ये त्यांनीच बेरिलियम क्लोराइडच्या वाफेची घनता मोजली. तीन क्लोरीन असते तर रेणुभार १२० च्या घरात यायला हवा होता. तो आला ८० च्या जवळपास, म्हणजे क्लोरीन दोनच आणि संयुजाही दोनच.