लांडगा आणि गावठी कुत्रा यांचा संकर खरंच होतो का? त्याने काय बिघडतं?

होतो, आणि ती पिल्लं पुढे प्रजननही करू शकतात. पुण्याजवळच्या माळरानावर वेगळ्याच रंगाचे लांडगे दिसले, तेव्हा द ग्रासलँड्स ट्रस्ट (माळरानांसाठी काम करणारी संस्था), अ‍ॅट्री (पर्यावरण संशोधन संस्था) आणि एनसीबीएस (जीवशास्त्र संशोधन केंद्र) यांच्या अभ्यासकांनी त्यांचा डीएनए तपासला. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात संकराचा जनुकीय पुरावा मिळाला.

धोका असा की भारतीय लांडगा ही फार जुनी, वेगळी वंशशाखा आहे. संख्येने कितीतरी जास्त असलेल्या कुत्र्यांमुळे तिची जनुकीय ओळखच पुसट होत जाते. शिवाय कुत्र्यांकडून डिस्टेंपर (कुत्र्यांचा एक विषाणूजन्य रोग), रेबीज येतात ते वेगळेच.

माझ्या मते लांडगे पकडत बसण्यापेक्षा माळालगतच्या गावांत कुत्र्यांचं निर्बीजीकरण आणि लसीकरण आधी करावं. पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या उघड्यावर टाकणंही थांबायला हवं. अशा कोंबड्यांवरही कुत्रे माळावर टिकून राहतात.